व्हीपीएनमधून कोणती ॲप्स वगळायची आणि कोणती मुळीच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोनवर व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत कुलूपबंद नेणारी सोय) कायम चालू ठेवायचं आहे, पण बँकेचं ॲप उघडत नाही, व्हिडिओ अडखळतो, टीव्हीवर काही कास्ट होत नाही. मग दर वेळी व्हीपीएन बंद करायचं, काम उरकायचं आणि पुन्हा चालू करायचं विसरायचं. त्यापेक्षा काही ॲप्स कायमची व्हीपीएनबाहेर ठेवता येतील का? येत असतील तर कोणती?

अँड्रॉइडवर येतात. आयफोनवर बहुतेकांना येत नाहीत, त्याबद्दल पुढे लिहितो. या सोयीला स्प्लिट टनेलिंग म्हणतात. बहुतेक व्हीपीएन ॲप्सच्या सेटिंग्जमध्ये ती याच नावाने किंवा ‘एक्सक्लूड ॲप्स’ अशा नावाने सापडते. यादी उघडायची, ॲपपुढे टिक करायची, झालं. बटण सोपं आहे. गोंधळ होतो तो टिक कशावर करायची हे ठरवताना, कारण बहुतेक लोक ‘जे ॲप त्रास देतंय ते बाहेर’ एवढाच निकष लावतात. सहा महिन्यांनी यादी बघितली तर अर्धा फोन बाहेर आणि व्हीपीएन फक्त वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह दाखवण्यापुरतं उरलेलं.

माझा निकष वेगळा आहे. ॲपला तुम्ही कोण आहात हे आधीच पक्कं माहीत आहे का? असेल, तर त्या ॲपपासून तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखणारा क्रमांक) लपवून फारसं काही साधत नाही आणि ते बाहेर काढायला हरकत कमी. तुम्ही कोण हे ज्याला माहीत नाही, किंवा माहीत होऊ नये असं तुम्हाला वाटतं, ते आतच राहिलं पाहिजे, मग ते कितीही कुरकुर करो.

हा निकष नीट वापरायचा तर आत काय घडतं हे थोडं समजून घ्यावं लागतं. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला इन्स्टॉल होताना एक क्रमांक देतं, त्याला यूआयडी म्हणतात. व्हीपीएन सुरू होताना ते सिस्टिमला सांगतं की या क्रमांकांची वाहतूक माझ्याकडे पाठव, त्या क्रमांकांची पाठवू नकोस. ही सोय ॲप बनवणाऱ्यांना अँड्रॉइड ५.०पासून, म्हणजे २०१४पासून मिळाली. वाटणी होते ती क्रमांकावरून. ॲप कोणत्या सर्व्हरशी बोलतंय, काय पाठवतंय याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणजे एखादं ॲप वगळलं की त्याची सगळी वाहतूक वगळली: मुख्य काम, जाहिराती, ट्रॅकर, क्रॅश रिपोर्ट, सगळंच. ‘या ॲपचं फक्त व्हिडिओचं काम बाहेर, बाकी आत’ असं या यादीतून करता येत नाही.

दुसरी गोष्ट, नावांची विचारणा. वगळलेलं ॲप सर्व्हरचं नाव शोधताना व्हीपीएनचा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) वापरत नाही. ते तुमच्या वायफायचा किंवा मोबाइल कंपनीचा डीएनएस वापरतं. त्यामुळे आतला मजकूर एनक्रिप्टेड, म्हणजे इतरांना वाचता न येणारा, असला तरी तुम्ही कोणत्या सेवेकडे गेलात हे नेटवर्क चालवणाऱ्याला कळतं. अँड्रॉइड ९पासून सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. त्यात विश्वासातल्या डीएनएस सेवेचं नाव टाकून ठेवलं तर वगळलेल्या ॲप्सची विचारणाही एनक्रिप्ट होऊन जाते. यादीत एक जरी ॲप टाकणार असाल तर हे आधी करून ठेवा. भोक पूर्ण बुजत नाही, कारण कनेक्शन सुरू होताना सर्व्हरचं नाव बहुधा उघडच जातं आणि आयपी पत्ता तर दिसतोच. पण लहान होतं.

आता बँक. सगळ्यात जास्त भीती याच ॲपबद्दल असते: ‘पैशांचं ॲप आणि तेच व्हीपीएनबाहेर?’ हो, तेच. बँकेचं ॲप सर्व्हरशी टीएलएसने, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीने, बोलतं. अनेक ॲप्स त्यापुढे जाऊन सर्व्हरचं प्रमाणपत्रही आपल्याच पक्क्या यादीशी ताडून बघतात. पासवर्ड आणि व्यवहार वाचायला वायफायवाल्याला ते कुलूप फोडावं लागेल, व्हीपीएन असो वा नसो. बाहेर काढल्याने नेटवर्कवाल्याला एवढंच कळतं की तुमचं या बँकेत खातं असावं. उलट व्हीपीएनमधून गेलात तर बँकेला काय दिसतं? डेटा सेंटरमधला एक पत्ता, जो त्याच वेळी अनोळखी माणसं वापरत आहेत, आणि कदाचित दुसऱ्याच देशातला. फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेला नेमकं हेच खटकतं. ओटीपीचा फेरा वाढतो, व्यवहार अडतो, कधी खातं तात्पुरतं गोठतं. बँकेला तुमचं नाव, पत्ता, सही सगळं माहीत आहे. तिच्यापासून आयपी लपवण्यात मिळवण्यासारखं काही नाही. बाहेर काढा.

पण एक अट आहे. फोनवर बँकेच्या नावाचं खरं ॲप असलं पाहिजे. ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडत असाल तर ब्राउझर वगळू नका. का ते पुढे येईल.

इथे एक प्रकार हमखास घडतो. ॲप वगळलं, व्हीपीएन जोडलं, तरी बँक म्हणते ‘व्हीपीएन बंद करा’. लोकांना वाटतं यादी चालत नाही. यादी चालत असते. ॲप व्हीपीएन दोन प्रकारे ओळखू शकतं. एक म्हणजे सिस्टिमला विचारायचं की माझं चालू नेटवर्क कोणत्या प्रकारचं आहे. वगळलेल्या ॲपला याचं उत्तर ‘वायफाय’ किंवा ‘मोबाइल’ असं बरोबर मिळतं. दुसरा प्रकार ढोबळ आहे. फोनवरच्या सगळ्या नेटवर्क इंटरफेसची (वाहतूक ज्यातून जाते त्या दारांची) यादी मागायची आणि त्यात ‘टन’ने (tun) सुरू होणारं नाव दिसलं की ओरडायचं. ते नाव व्हीपीएनच्या आभासी इंटरफेसचं असतं आणि वाहतूक त्यातून जात नसली तरी ते यादीत दिसू शकतं. असं ॲप तुमच्या वाटणीला दाद देणार नाही. त्यासाठी व्हीपीएन थोडा वेळ बंद करणं किंवा ते ॲप वेगळ्या प्रोफाइलमध्ये (फोनमधल्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवणं, हेच दोन मार्ग.

प्रोफाइलचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. अँड्रॉइडवर मुख्य प्रोफाइलमध्ये चालू असलेलं व्हीपीएन वर्क प्रोफाइलला लागू होत नाही. तिथे वेगळं व्हीपीएन लागतं. म्हणजे ऑफिसची ॲप्स वर्क प्रोफाइलमध्ये असतील तर ती तुमच्या खासगी व्हीपीएनमध्ये मुळातच नाहीत, वगळायचा प्रश्नच येत नाही. पण ‘माझा सगळा फोन व्हीपीएनमध्ये आहे’ हा समजही त्याच कारणाने चुकीचा ठरतो. फोन कंपन्या देतात त्या ‘ड्युअल ॲप’ किंवा सुरक्षित फोल्डरच्या सोयीही अनेकदा आतून वेगळ्या वापरकर्त्यावर चालतात, तेव्हा तिथे ठेवलेल्या ॲपची तपासणी स्वतंत्र करा. आणि हॉटस्पॉट! फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिला तर लॅपटॉपची वाहतूक सर्वसाधारणपणे फोनच्या व्हीपीएनमधून जात नाही.

व्हिडिओ आणि गाण्यांची ॲप्स: लॉगिन असलेली, पैसे भरून घेतलेली, तुमची आवडनिवड आधीच जाणणारी. निकषात बसतात, बाहेर. वेग वाढतो, ‘प्रॉक्सी वापरताय’ हा संदेश जातो. अर्थात दुसऱ्या देशातला कॅटलॉग बघण्यासाठीच व्हीपीएन घेतलं असेल तर ती गोष्ट वेगळी. गेमही बाहेर, तिथे पिंग, म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ, हेच सर्वस्व. नकाशांचं ॲप आत असो वा बाहेर, फरक थोडा. ते जागा जीपीएसवरून घेतं आणि व्हीपीएन जीपीएसला हातही लावत नाही. गाडीतल्या स्क्रीनवर वायरलेस अँड्रॉइड ऑटो तुटत असेल तर अँड्रॉइड ऑटोचं ॲप वगळून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

मेसेजिंगबद्दल मी स्वतः आतच ठेवण्याच्या मताचा आहे. मजकूर एनक्रिप्टेड असला तरी तुम्ही कधी, किती वेळ, कोणत्या सेवेवर होता हा तपशील नेटवर्कवाल्याला देण्याचं कारण नाही, आणि मेसेजला वेग लागतोच किती? व्हॉइस कॉल तुटत असतील तर आधी जवळचा व्हीपीएन सर्व्हर निवडा. तरीही तुटले तर मग वगळा. एक लक्षात असू द्या, अशा ॲप्समधले कॉल अनेकदा थेट दोन फोनमध्ये जोडले जातात आणि तेव्हा समोरच्याच्या फोनला तुमचा आयपी पत्ता मिळतो. कॉल अनोळखी लोकांशी होत असतील तर ॲप आत असणं किंवा त्याच्या सेटिंग्जमध्ये कॉल सर्व्हरमार्फत फिरवण्याचा पर्याय चालू असणं, यातलं एक हवंच.

ब्राउझर वगळायचा नाही. कारण तो एक ॲप दिसत असला तरी त्यातून तुम्ही शंभर ठिकाणी जाता आणि त्यातल्या नव्वद ठिकाणी तुम्ही अनोळखी असता. एकाच साइटसाठी तो बाहेर काढलात की बाकी सगळं त्याच्यामागून बाहेर पडतं. त्यावर माझा उपाय दोन ब्राउझर हा आहे. रोजचा आत. दुसरा, ज्यात फक्त दोनचार हट्टी साइट्सचे बुकमार्क आहेत आणि सर्च कधी करायचं नाही, तो बाहेर. दुसऱ्याचा आयकॉन होमस्क्रीनवरून काढून ठेवा, म्हणजे सवयीने बोट तिकडे जाणार नाही. सरकारी कामाच्या साइट्स, ब्राउझरमधली बँक, सगळं त्या दुसऱ्यात.

आता तो भाग, ज्यामुळे नीट विचार करून केलेली यादीसुद्धा विचित्र वागते. ॲप्स एकमेकांच्या वाटेने जातात. समजा तुम्ही खरेदीचं एक ॲप वगळलं. ॲपमध्ये लॉगिनचं बटण दाबलं आणि वर एका पट्टीसह वेबपेज उघडलं. ते ॲपच्या आत असल्यासारखं दिसतं. पण ते ‘कस्टम टॅब’ असेल तर पान प्रत्यक्षात ब्राउझर आणतो, ब्राउझरच्या यूआयडीने. ब्राउझर व्हीपीएनमध्ये आहे. परिणामी सर्व्हरला ॲप एका पत्त्यावरून बोलताना दिसतं आणि त्याच माणसाचं लॉगिन दुसऱ्या पत्त्यावरून, कधी दुसऱ्या देशातून. कडक सर्व्हर हे सेशन नाकारतो आणि तुम्हाला दिसतं ते ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’. पुन्हा प्रयत्न करून काही होत नाही. अशा वेळी डिफॉल्ट ब्राउझर थोडा वेळ त्या दुसऱ्या, वगळलेल्या ब्राउझरवर करा, लॉगिन उरका आणि डिफॉल्ट परत जागेवर आणा. लॉगिन एकदाच लागतं, त्यामुळे हा खटाटोप रोजचा नाही. याउलट ॲपमध्येच ‘वेबव्ह्यू’ वापरला असेल तर पान ॲपच्याच यूआयडीने येतं आणि सगळं सुरळीत चालतं. बाहेरून दोन्ही दिसायला जवळपास सारखी. मेनूमध्ये ‘ओपन इन क्रोम’ किंवा ‘रनिंग इन क्रोम’सारखं काही दिसलं तर तो कस्टम टॅब समजा.

नोटिफिकेशनचंही असंच आहे. बहुतेक ॲप्सचे पुश संदेश गूगल प्ले सर्व्हिसेसच्या एकाच जोडणीवरून फोनवर येतात. म्हणून ॲप वगळूनही त्याचं नोटिफिकेशन व्हीपीएनमधूनच येतं, आणि नोटिफिकेशन उशिरा येत असेल तर ते ॲप वगळून फरक पडत नाही. मग लोक प्ले सर्व्हिसेसच वगळतात. ते करू नका. तिच्यामागे बॅकअप, खात्याचं लॉगिन, लोकेशन, सगळ्यांचे पुश असा गाडाभर पसारा आहे. उशीर होत असेल तर आधी व्हीपीएन ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. बहुतेकदा दोष तिथे सापडतो, कारण स्क्रीन बंद झाल्यावर फोन व्हीपीएनलाच झोपवत असतो.

कास्टिंगही याच कारणाने फसतं. व्हिडिओ ॲप वगळलं तरी टीव्ही दिसत नाही, कारण टीव्ही शोधण्याचं काम प्ले सर्व्हिसेस करते आणि ती टनेलमध्ये, म्हणजे व्हीपीएनच्या आत, आहे. इथे ॲपची यादी हे हत्यारच चुकीचं. व्हीपीएनच्या सेटिंग्जमध्ये ‘लोकल नेटवर्क’ किंवा ‘लॅन’ला परवानगी देणारा पर्याय शोधा. तो ॲपवर चालत नाही, पत्त्यांवर चालतो. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे असे घरगुती नेटवर्कचे पत्ते टनेलबाहेर, बाकी सगळं आत. प्रिंटर, टीव्ही, घरातला स्टोरेज सर्व्हर, सगळ्यांसाठी हेच पुरतं. सार्वजनिक वायफायवर मात्र तो पर्याय बंद ठेवा. तिथे लोकल नेटवर्क म्हणजे अनोळखी माणसांचे फोन.

यादी दोन उलट प्रकारे करता येते: ‘ही सोडून सगळी आत’ किंवा ‘फक्त हीच आत’. अँड्रॉइड एका वेळी यातला एकच प्रकार स्वीकारतं. निवडताना आजच्या ॲप्सचा विचार करू नका, उद्या इन्स्टॉल होणाऱ्याचा करा. पहिल्या प्रकारात नवं ॲप आपोआप आत जातं, दुसऱ्यात आपोआप बाहेर राहतं. खासगीपणासाठी व्हीपीएन वापरत असाल तर पहिलाच प्रकार. व्हीपीएन फक्त ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत किंवा घरच्या नेटवर्कपर्यंत पोचण्यासाठी असेल तर दुसरा बरा, म्हणजे तुमचं खासगी ब्राउझिंग ऑफिसच्या लॉगमध्ये जाणार नाही.

आता ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ आणि त्याखालचं ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’. पहिलं चालू ठेवा. दुसरं आणि वगळलेली यादी यांचं एकमेकांशी जमत नाही. ते बटण सिस्टिमला सांगतं की व्हीपीएनबाहेर कोणीही जायचं नाही, आणि वगळलेल्या ॲपला तर व्हीपीएनमध्ये प्रवेश नाही. दोन्हीकडून दार बंद, ॲपला इंटरनेटच मिळत नाही. ‘बँकेचं ॲप वगळल्यापासून नेटच नाही म्हणतं’ या तक्रारीचं कारण दहात नऊ वेळा हे बटण असतं. दोन्हीपैकी एक निवडावं लागेल. काही व्हीपीएन ॲप्सचा स्वतःचा किल स्विच (व्हीपीएन तुटलं की इंटरनेट अडवणारं बटण) असतो आणि तो यादीला धरून वागतो. यादी हवी असेल तर तो वापरा. आणि ते सिस्टिमचं बटणही शंभर टक्के नाही बरं का: इंटरनेट चालू आहे का हे बघणारी अँड्रॉइडची स्वतःची तपासणी त्यालाही चुकवून बाहेर जाते, हे मुलवाद या व्हीपीएन कंपनीने २०२२मध्ये उघड केलं होतं.

आयफोनवाल्यांसाठी उत्तर छोटं आहे, कारण ॲपलने दार उघडलेलंच नाही. ॲपनुसार व्हीपीएन आयओएस ७पासून, २०१३पासून आहे. पण ते संस्थेने व्यवस्थापित केलेल्या फोनवर, एमडीएममार्फत (फोन दूरून सांभाळण्याच्या यंत्रणेमार्फत). स्टोअरमधून घेतलेल्या साध्या व्हीपीएन ॲपला ‘हे ॲप सोडून’ असं सांगता येत नाही. पत्त्यांनुसार वाटणी करता येते, लोकल नेटवर्क वगळता येतं, ठरावीक वायफायवर व्हीपीएन आपोआप बंद राहील असा ‘ऑन डिमांड’ नियम लावता येतो. शॉर्टकट्समध्ये बँकेचं ॲप उघडलं की व्हीपीएन तोडायचं आणि बंद केलं की जोडायचं, असं ऑटोमेशन करता येतं. मात्र मधल्या काळात सगळा फोन उघडा असतो, एकटी बँक नव्हे. ज्यांना हे चालत असेल त्यांनी करावं. मला घरच्या वायफायवर चालतं, बाहेर नाही.

शेवटी तपासणी. यादी बदलली की व्हीपीएन तोडून पुन्हा जोडा, कारण वाटणी जोडणीच्या क्षणी ठरते. त्या ॲपला फोर्स स्टॉपही करा, म्हणजे जुन्या वाटेवर उघडी राहिलेली कनेक्शन्स मरतील. ब्राउझर तपासणं सोपं: आयपी दाखवणारी कोणतीही साइट दोन्ही ब्राउझरमध्ये उघडा, पत्ते वेगळे दिसले पाहिजेत. ज्या ॲपमध्ये पान उघडता येत नाही त्यासाठी वायरगार्ड या व्हीपीएन ॲपवर एक छान युक्ती आहे. चालू टनेलची कॉन्फिग फाइल एक्सपोर्ट करून दुसऱ्या नावाने परत इंपोर्ट करा. त्या प्रतीत वगळलेल्या ॲप्सची यादी तशीच आली आहे ना ते बघा आणि एंडपॉइंटचा (व्हीपीएन सर्व्हरच्या पत्त्याचा) पोर्ट क्रमांक मुद्दाम चुकीचा टाका. मग ती प्रत चालू करा. वायरगार्ड सर्व्हरशी बोलणं झालं नाही तरी तक्रार करत नाही, टनेल चालूच दाखवतं. आता टनेलमध्ये जे जे जातं ते सगळं मेलेलं आहे. एकेक ॲप उघडत जा. जे ताजा मजकूर आणतं ते बाहेर आहे, जे फिरत राहतं ते आत. आधी साठवलेला मजकूर बघून फसू नका, काहीतरी नवं शोधून बघा. वगळलेलं नसूनही एखादं ॲप जिवंत दिसलं तर ते दुसऱ्या प्रोफाइलमध्ये आहे का ते पाहा.

इतर बहुतेक व्हीपीएन ॲप्समध्ये अशी मोडकी प्रत करता येत नाही. तिथे ज्या सेवांमध्ये लॉगिन आहे त्यांच्या खात्यातलं ‘अलीकडची लॉगिन’ हे पान बघा. तिथे दिसणारं शहर व्हीपीएन सर्व्हरचं आहे की तुमचं, यावरून कळतं. सिस्टिमचं मोठं अपडेट आल्यावर किंवा नवा फोन घेऊन जुन्यावरचं सगळं तिकडे हलवल्यावर ही तपासणी पुन्हा करा. व्हीपीएन ॲप नव्याने इन्स्टॉल झालं की वगळलेल्यांची यादी अनेकदा कोरी होते आणि ते कोणी सांगत नाही, बँकेने लॉगिन नाकारलं की मगच कळतं.